ग्राहक उपलब्ध नाही

पाचोऱ्यात सध्या एका गृहस्थांचा फार बोलबाला आहे. नाव : 'ग्राहक उपलब्ध नाही'. कृष्णापुरीत त्यांचं घर, देशमुखवाडीत त्यांचं घर, भडगाव रोडलाही एक. दिवसभर ओट्यावर बसून पार्सलची वाट बघतात आणि संध्याकाळी सातला मोबाईल त्यांना कळवतो की तुम्ही घरी नव्हतात. बायकोला विचारून खात्री करावी लागते.

त्याआधी दुपारी फोन अर्धी रिंग वाजून बंद पडलेला असतो. तो चुकून लागलेला नसतो. 'ग्राहकाला फोन केला' हा पुरावा ॲपला लागतो. ग्राहकाने तो उचललाच पाहिजे अशी ॲपची अट नसते.

शिव्या मात्र डिलिव्हरीच्या पोराला बसतात. पार्सल कुठल्या तरी गोदामात तीन दिवस लोळलं, तर त्या तीन दिवसांचा जाब कुणी विचारत नाही. पाचोऱ्याच्या पोराने सकाळी ते स्कॅन केलं की घड्याळ सुरू! मे महिन्याचं जळगाव जिल्ह्याचं ऊन, पंचेचाळीसच्या आसपास पारा, पाठीवर पोराहून रुंद बॅग, आणि पत्ता काय, तर 'मारुती मंदिरामागे'. मारुती गावात किती, हे पत्ता लिहिणाऱ्याला सांगायचं कारण नाही. दिवस संपायच्या आत प्रत्येक डब्यापुढे काहीतरी खूण हवी : दिलं, नाकारलं किंवा नव्हते. 'डबे जास्त होते, मी एकटा होतो' असं बटण बसवायचं कुणाला सुचलेलं दिसत नाही. मग पोरगं उरलेलं बटण दाबतं. वरच्या साहेबाच्या पडद्यावर सगळं वेळेत. खोटं बोलला तो दिसतो, बोलायला लावलं ते दिसत नाही.

आमची पाचोरा-जामनेर पीजे गाडी होती तेव्हा उशिरा यायची, रमतगमत यायची. पण न येताच 'येऊन गेले, तुम्ही फलाटावर नव्हता' असं तिने कधी सांगितलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच.

डिलिव्हरीवाल्याच्या हातातल्या यंत्राचा हा उद्योग जुना आहे. अमेरिकेत फेडेक्सने १९८६ मध्ये आपल्या माणसांच्या हाती बारकोड वाचणारं यंत्र दिलं. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपल्याकडे स्पीड पोस्ट सुरू झालं. त्यांच्याकडे यंत्र, आपल्याकडे नावातच स्पीड. पाकिटावरचा 'घर बंद' हा शेरा पोस्टमन हाताने लिहायचा, आणि त्याला वजन असायचं. अजूनही आहे. चेक वटला नाही की कलम १३८ ची नोटीस येते, आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस. बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली नोटीस 'घर बंद' किंवा 'घरी नाही' म्हणून परत गेली, तरी ती बजावली असं धरता येतं. नाही मिळाली हे सिद्ध करणं तुमच्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अलवी हाजी प्रकरणात हे सांगून ठेवलंय. तेव्हा नसलेल्या माणसाला हसू नका, तो उद्या आरोपी असू शकतो.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून नवे दर. पत्र ज्याचं त्याच्याच हातात हवं, तर पाच रुपये आणि जीएसटी. ओटीपी घेतल्याशिवाय देऊ नये असं वाटत असेल, तर आणखी पाच रुपये आणि जीएसटी. म्हणजे पोचवण्याचे पैसे वेगळे, खरंच पोचवण्याचे वेगळे. खरेपणाचा दर इतका स्पष्ट शब्दांत याआधी कुठल्या सरकारी खात्याने छापल्याचं आठवत नाही. जीएसटीसकट.

आता हा ओटीपी कसा चालतो ते बघा. पोरगा पुण्याला. त्याने आईसाठी बीपीचं मशीन मागवलं, नंबर स्वतःचा दिला. डिलिव्हरीवाला दारात उभा, आई दारात उभी, डबा दोघांच्या मध्ये, आणि आकडे पुण्यात एका मीटिंगमध्ये.

"मावशी, ओटीपी सांगा."

"तो काय असतो रे भो?"

"तुमच्या पोराच्या मोबाईलवर आला असेल."

"मग त्यालाच दे ना डबा!"

पोरगा फोन उचलत नाही. मावशी डिलिव्हरीवाल्याला पाणी देते. पाणी पिऊन होतं, तरी फोन नाही. पुढची घरं बाकी आहेत, हातातल्या यंत्रातलं घड्याळ चालू आहे. तो डबा पुन्हा बॅगेत घालतो आणि मावशीच्या समोर, तिच्याच ओट्यावर बसून बटण दाबतो : ग्राहक उपलब्ध नाही.

या एका खेपेला तरी नोंद खरी आहे. ग्राहक पुण्यात आहे.