नळाला प्रेशर नव्हतं

शिर्डीहून परत आलेल्या माणसाला ‘दर्शन कसं झालं?’ असं विचारायची आपल्याकडे रीत आहे. पाहणीकरांना विचारलंत तर ते क्षणभर डोळे मिटतात, हात जोडल्यासारखं करतात आणि म्हणतात, ‘‘दुसऱ्या मजल्यावर नळाला प्रेशर नव्हतं.’’

पाहणीकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते आमच्या घराण्याने एकमताने बहाल केलेलं आहे, आणि असा एक पाहणीकर आता बहुतेक घराण्यांत निघतो. आमचे पाहणीकर काका नाशिकला असतात. हयात ‘लोकल फंडा’त गेली, म्हणजे जिल्हा परिषदा, पंचायत समित्या नि नगरपालिकांच्या हिशेबांवर आक्षेप काढण्यात. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल-श्रीफळ दिलं, पण लाल पेन काही परत मागून घेतलं नाही. पुढे मुलाने मोबाइल दिला आणि मोबाइलने पाच स्टार दिले. त्यांतले किती कुणाला द्यायचे हे आपल्या मर्जीवर आहे, असं कळल्यापासून काका घरात ठरेनात.

आता हा माणूस महाबळेश्वरला जाऊ शकला असता, गोव्याला जाऊ शकला असता. पण तिथे जायला काकूंची मंजुरी लागते. ‘‘बाबांना जाऊन येऊ’’ म्हटल्यावर मात्र कुठल्याही घरात आक्षेप निघत नाही. शिवाय पाहणी करायला शिर्डीसारखं गाव नाही. जिकडेतिकडे हॉटेलं, आणि निम्म्यांच्या नावात साई. २०१७ मध्ये जवळच्या काकडी गावाला विमानतळ झाला, २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत आला, २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईहून वंदे भारत सुरू झाली. सरकारने ही सगळी सोय आपल्याला तपासायला केली आहे, असं काका मनापासून मानतात. सिन्नरवरून गाडीने सरळ पोचता येत असताना ते एकदा मनमाडचा वळसा घेऊन वंदे भारतने गेले, कारण नाश्त्याला काय देतात ते बघायचं होतं. काकडीला तर त्यांना विमानात बसायचंच नव्हतं. नुसते बाहेरून जाऊन आले. पार्किंगला चार स्टार.

खोलीत शिरण्याचा त्यांचा विधी बघण्यासारखा असतो. सामान दाराबाहेर. काकू आणि नातवंडं दाराबाहेर. आधी काका एकटे बाथरूममध्ये जातात. आतून नळ सोडल्याचा, बंद केल्याचा, पुन्हा सोडल्याचा आवाज येतो. मग बादलीचा. मग कडी लावल्याचा आणि, थोड्या झटापटीनंतर, कडी निघाल्याचा. बाहेर येऊन ते गादी तीन ठिकाणी दाबतात, उशीचा अभ्रा हुंगतात आणि पडदा सरकवतात. ‘टेम्पल व्ह्यू’ म्हणून जी खोली घेतलेली असते तिच्या खिडकीतून पाण्याच्या दोन काळ्या टाक्या दिसतात आणि त्यांच्या फटीतून, मान पंचेचाळीस अंशांत वळवली तर, समाधी मंदिराचा कळस. काका मान वळवून नमस्कार करतात आणि तिरक्या मानेनेच वहीत लिहितात.

मग खाली काउंटरवर. मॅनेजर म्हणजे राहात्याचा एक पोरगा.

‘‘गरम पाणी कधी येतं?’’

‘‘चोवीस तास, काका.’’

‘‘चोवीसांतले कोणते?’’

पोरगा प्रामाणिक असतो. ‘‘चार ते सात,’’ म्हणतो.

‘‘आणि मंदिर दोन मिनिटांवर म्हणून पाटीवर लिहिलंय, ती दोन मिनिटं कुणाची? रिक्षाची की गुडघे दुखणाऱ्या बाईची?’’

या प्रश्नाला हॉटेलच्या धंद्यात अजून उत्तर नाही.

इतर यात्रेकरू पॉलिशवाल्यांना भितात. शिर्डीत गाडीतून उतरता उतरता जो ‘‘या काका, एसी, नॉनएसी, फॅमिली रूम, दर्शनाचं पण बघून देतो’’ म्हणत बॅगेला हात घालतो तो पॉलिशवाला. आपण मान खाली घालून त्याच्यापासून सुटू बघतो. काका थांबतात. खोली किती बाय किती, गिझर किती लिटरचा, तुझं कमिशन किती आणि ते बिलात कुठल्या सदराखाली दाखवतात, असं रीतसर विचारत जातात. चौथ्या प्रश्नाला पॉलिशवाल्याला पलीकडच्या बाजूला मोठं गिऱ्हाईक दिसतं. ही एक लोकसेवाच आहे. काका आमच्याबरोबर असताना आमच्या बॅगेला कुणी दुसऱ्यांदा हात घातल्याचं स्मरणात नाही.

काकांच्या या खोडीत थोडा दोष काळाचाही आहे. आमचे आजी-आजोबा यात्रेहून आले की हाल सांगायचे. एसटी स्टँडवर रात्र काढली, धर्मशाळेत ढेकूण होते, विहिरीचं पाणी खारट होतं. हे सगळं अभिमानाने, कारण जितके हाल तितकं पुण्य असा हिशेब होता. काका तेच हाल तसेच टिपून घेतात, फक्त दुसऱ्या बाजूला मांडतात. ढेकणाला दीड स्टार कमी.

काकूंनी ‘श्री साईसच्चरित’ अनेकदा वाचलेलं आहे. गादीवरून फार कुरकुर झाली की त्या त्यातला दाखला देतात, ‘‘अहो, बाबा वीतभर रुंदीच्या फळीवर निजायचे. तीसुद्धा चिंध्यांनी आढ्याला टांगलेली.’’

‘‘त्यांनी भाडं भरलं नव्हतं,’’ काका म्हणतात आणि लगेच दोन्ही कानांच्या पाळ्या पकडतात.

वाचन काकांचंही आहे, पण ते मुद्द्याचं. भक्तांना उतरायला हरि विनायक साठ्यांनी १९०८ मध्ये वाडा बांधला, १९११ मध्ये काकासाहेब दीक्षितांचा झाला, पुढे नागपूरचे गोपाळराव बुटी यांनी दगडी वाडा बांधला आणि १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवल्यावर समाधी त्यातच झाली, हा सगळा इतिहास काकांना पाठ आहे. त्यांच्या लेखी तो शिर्डीच्या निवासव्यवस्थेचा इतिहास आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी आणि नामांकित वकील, १९११ च्या डिसेंबरात आले ते १९१२ च्या मार्चपर्यंत शिर्डीत राहिले, कारण बाबांच्या परवानगीवाचून गाव सोडायचं नाही असा तिथला दंडक होता. खापर्ड्यांनी त्या मुक्कामाची रोजनिशी लिहिली आहे. भाविक ती बाबांच्या आठवणींसाठी वाचतात. काकांनी वाड्यात अंघोळीची सोय कुठे होती हे शोधत वाचली आणि, ‘‘तीन महिन्यांहून जास्त राहिले, पण चेकआउटची वेळ शेवटपर्यंत कळवली नाही,’’ असा शेरा मारला.

संस्थानचं प्रसादालय हे मात्र काकांचं अवघड जागेचं दुखणं. भलंमोठं सभागृह, पंगतीमागून पंगत, जेवण मोफत. आता फुकटाच्या जेवणाला स्टार द्यायचे कसे? पैसे दिले नाहीत तर हक्क नाही आणि हक्क नाही तर आक्षेप नाही. काका अस्वस्थ होऊन पोळीची कड चाचपतात. ती नेमकी मऊ निघते. मग ते स्वयंपाकाच्या इंधनाकडे वळतात. इथे २००९ पासून छपरावर ७३ सौर तबकड्या आहेत, त्यांवर पडणाऱ्या उन्हाने वाफ होते आणि त्या वाफेवर रांधतात, हे त्यांना ठाऊक असतं. वाढायला आलेल्या माणसाचा डाव हवेत थांबवून ते विचारतात, ‘‘ढगाळ दिवशी आमटी कशावर?’’

‘‘काका, भात घ्या,’’ तो म्हणतो आणि शेजारच्या पानाकडे सरकतो. एका वेळी एवढ्या माणसांना वाढणाऱ्याला आक्षेप ऐकू येत नाहीत. मला वाटतं, लोकल फंडापुढे ही विद्या चालली असती तर कित्येक ग्रामसेवक सुखाने निवृत्त झाले असते.

नातवंडं बरोबर असली की दुसऱ्या दिवशी साईतीर्थ. भक्तीचा थीम पार्क ही कल्पना ऐकून आमच्यासारखे लोक नाक मुरडतात. काकांनी कधी मुरडलं नाही. तिथे ‘लंका दहन’ नावाचा फाइव्ह-डी खेळ आहे. मारुतीराया उड्डाण घेतो तशी खालची खुर्चीही हलते. काकांनी एका हाताने नातवाला आणि दुसऱ्याने वही धरून तो पाहिला. ‘तीर्थयात्रा’ या राइडमध्ये तर गाडीत बसायचं आणि देशभरच्या देवळांच्या प्रतिकृती बघत फिरायचं. पंडे नाहीत, पायऱ्या नाहीत, चपला सांभाळायच्या नाहीत. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाचपैकी पाच दिले आणि मग त्यांनाच धसका बसला.

‘‘अगं, याचं पुण्य धरायचं का?’’

‘‘तिकिटावर बघा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कर धरून असेल.’’

जवळच वॉटर पार्क आहे. गोदावरीच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार म्हणून ज्या भागात शेतकरी डोळे लावून बसतो तिथे कृत्रिम लाटांत उड्या मारायच्या, हे मला जरा खटकतं. काकांना त्या लाटांची उंची खटकली.

सहलीच्या पॅकेजमध्ये शनिशिंगणापूर असतंच. गावाच्या अलीकडे लटकू, म्हणजे तिथले एजंट, मोटरसायकलवरून गाडीचा पाठलाग करतात, ‘‘पार्किंग इकडे, पूजा इकडे,’’ म्हणतात. त्यांना काकांनी पॉलिशवाल्यांच्याच पद्धतीने वाटेला लावलं. पण गावात शिरल्यावर त्यांची दशा बघवेना. घरांना दारं नाहीत, दारं नाहीत म्हणून कड्या नाहीत, कुलपं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही कुलपाविना. आयुष्यभर कडी लागते की नाही हे तपासलेला माणूस चौकटी बघत हिंडत होता. शेवटी वहीत ‘लागू नाही’ असं लिहून गाडीत येऊन बसला.

वहीत स्टार न मिळालेला आणखी एक रकाना आहे. दर्शनरांगेसाठी २०२३ मध्ये झालेलं नवं संकुल त्यांनी बारकाईने तपासलं आहे. बाकं, पंखे, पाणी, स्वच्छतागृहांची दिशा दाखवणाऱ्या बाणांचा आकार, सगळ्याला गुण आहेत. त्यानंतर गाभारा येतो. समोर बाळाजी तालीम यांनी घडवलेली, १९५४ मध्ये बसवलेली ती इटालियन संगमरवराची मूर्ती. ‘‘चला, चला, पुढे चला,’’ होतं. माणसं रडत असतात, कुणी तेलुगूत काहीतरी मोठ्याने बोलत असतं, कुणी लेकराला डोक्यावर उचलून धरलेलं असतं. काका त्या गर्दीत वही खिशात ठेवून देतात. ‘दर्शन’ या रकान्यात त्यांनी दर वेळी एकच लिहिलं आहे: तपासणीच्या कक्षेबाहेर.

बाहेर आल्यावर मात्र लगेच चपलांच्या स्टँडपाशी टोकनवरून वाद.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की काकांचा सल्ला कुणी घेत नसेल. उलट आहे. शिर्डीला निघालेला आमचा प्रत्येक नातेवाईक आधी त्यांना फोन करतो आणि त्यांनी ज्या हॉटेलला सगळ्यांत वाईट म्हटलं तिथे उतरतो. कारण त्याच हॉटेलबद्दल त्यांनी मन लावून लिहिलेलं असतं. गरम पाणी सव्वाचारला येतं, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते पण वरच्या बटणाने सुटते, डोसा मागवा, मिसळ मागवू नका, एकशे चारची कडी वर उचलून ओढली तर लागते. चांगल्या हॉटेलांविषयी ते एकच शब्द लिहितात: ठीक.

परवा मीही फोन केला. दिवाळीनंतर शिर्डीला जायचं म्हणतोय, कुठे उतरू?

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. किती माणसं, कोणाला जिने चढवत नाहीत, काकड आरती धरायची आहे का, असे प्रश्न झाले. मी उत्तरं दिली. मग बराच वेळ काही नाही.

‘‘असं तोंडी सांगून चालायचं नाही,’’ काका म्हणाले. ‘‘दोन नवी झाली आहेत म्हणे. मी येतोच बरोबर.’’

मागून काकूंचा आवाज आला, ‘‘त्याला म्हणावं, राहात्याला पेरू घ्यायला थांबू नकोस. गाडीवाल्याशी दोन तास जातात यांचे!’’