क्लास कोणता?

रात्री पावणेबाराला ‘जागा आहेस का?’ असा मेसेज आला की पोटात गोळा येतो. गावाकडे कोणाचं काय झालं, इथपासून विचार सुरू होतात. अर्जनविसाच्या बाबतीत तसं काही नसतं. आपण ‘हो, काय रे?’ म्हणेपर्यंत त्याचा धूसर स्क्रीनशॉट येऊन पडलेला असतो. कुठल्याशा परदेशी ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदवहीतलं पान, त्यावर एका व्हिडिओ गेमचं नाव, नावाखाली लाल रेघ. आणि प्रश्न : ‘खरं वाटतंय?’

तुमच्याकडेही असा एक असेलच. आमचा हा पुण्यात एका आयटी कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. अर्जनवीस हे नाव आम्ही ठेवलेलं. कायद्याची पदवी नाही, कोर्टाची पायरी चढलेली नाही, पण अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाचं संकेतस्थळ तो रोज सकाळी दात घासता घासता उघडतो.

झोपेत आपण म्हणावं, ‘असेल बुवा खरं.’ की तो विचारणार, ‘क्लास कोणता?’

ट्रेडमार्कवाल्यांनी जगातल्या यच्चयावत वस्तू आणि सेवा ४५ वर्गांत बसवल्या आहेत. गेमचं सॉफ्टवेअर ९ मध्ये, करमणुकीची सेवा ४१ मध्ये, टी-शर्ट २५ मध्ये, खेळणी २८ मध्ये. अर्जनविसाचा सिद्धांत असा, की नवखा लबाड नुसतं ९ लिहून मोकळा होतो. कंपनीचा खरा वकील ४१ विसरत नाही. ‘आणि पंचवीस कुठाय? टी-शर्ट न विकता गेम काढतात का कोणी?’ असं तो इतक्या जरबेनं विचारतो, की पंचवीस लिहायचं आपल्याकडूनच राहिलं असं वाटून आपण ओशाळतो.

पुढे पुढे हे गेमपुरतं राहिलं नाही. मिसळ खाताना मसाल्याचं कौतुक केलं, की ‘क्लास तीस.’ हॉटेलच्या पाटीकडे बघून, ‘त्रेचाळीस.’ मामेभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्या कानाशी लागला : ‘विवाह जुळवणाऱ्या संस्था, क्लास पंचेचाळीस.’ ते एक वेळ चाललं. पण त्याच वर्षी वैकुंठ स्मशानभूमीत, एका लांबच्या काकांना निरोप द्यायला आम्ही खाली मान घालून उभे असताना हा अगदी हलक्या आवाजात म्हणाला, ‘अंत्यसंस्कारसुद्धा पंचेचाळीसच.’ मी हसू दाबायला रुमाल तोंडावर धरला. खांदे हलत होते. काकांच्या मुलीनं पाठीवरून हात फिरवून मलाच धीर दिला.

या आजाराचं मूळ तो ‘तेराचं प्रकरण’ म्हणतो, जुने लोक सत्तावन्नचं बंड म्हणत त्या सुरात. ‘हाफ-लाइफ’ या गेमचा दुसरा भाग २००४ साली आला. त्याची पुरवणी ‘एपिसोड टू’ २००७ साली आली आणि ऐन मोक्याला, नायिकेच्या बापाला मारून थांबली. पुढचं काही येईना. तिसऱ्या भागाची वाट बघणं हा जगभरच्या खेळाडूंचा कायमचा विनोद होऊन बसला. अशात सप्टेंबर २०१३ अखेरीस युरोपीय संघाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदवहीत ‘हाफ-लाइफ ३’ हे नाव झळकलं. कार्यालय स्पेनमधल्या अलिकान्तेचं, अर्जदार व्हॉल्व्ह कॉर्पोरेशन, म्हणजे साक्षात बनवणारी कंपनी. अर्जनविसानं आम्हाला डेक्कनला बोलावून स्वतःच्या पैशानं चहा पाजला. त्याच्या पैशाचा तो शेवटचा चहा.

काही दिवसांतच नोंद गायब झाली. अर्ज बनावट होता, असं मानलं गेलं. तर्क असा, की त्या काळी तिथे अर्ज घरबसल्या करता येई आणि ९०० युरोंची फी महिनाभरात भरली तरी चालत असे. तेव्हा फॉर्मवर व्हॉल्व्हचं नाव टाकायला फुकट वेळ आणि थोडी खोडी पुरे. नोंदवही खरी, पान खरं, अर्ज क्रमांक खरा. भरणारा तेवढा खोटा. त्याच वर्षाच्या शेवटी ‘फॉलआउट ४’ या गेमच्या नावानं एक संकेतस्थळ निघालं, उलटी मोजणी, सांकेतिक संदेश, सगळं साग्रसंगीत. तीही थाप निघाली. वर ‘फॉलआउट ४’ दोन वर्षांनी खरोखर आला. अर्जनविसाची यात दुहेरी पंचाईत झाली : खोट्यावर विश्वास ठेवला म्हणून एकदा, आणि मग सगळ्यालाच खोटं म्हणत सुटला म्हणून पुन्हा एकदा.

तेव्हापासून कागद असला तर तो संशयास्पद, आणि नसला तर जास्तच संशयास्पद. ‘कुठेच अर्ज नाहीये रे,’ असं म्हणा, तो डोळे बारीक करून म्हणेल, ‘जमैका.’ यात तथ्य आहे, हीच अडचण आहे. ॲपलसारख्या कंपन्या नवं नाव आधी जमैकासारख्या देशात गुपचूप नोंदवत आल्या, कारण तिथली नोंदवही घरबसल्या चाळता येत नसे. मग सहा महिन्यांच्या आत दुसरीकडे अर्ज करून तीच जुनी तारीख लावून घेत. त्यामुळे अर्जनविसाला हरवणं अशक्य झालं आहे. पुराव्याचा अभाव त्यानं जमैकाला नेऊन ठेवलाय.

मी एकदा त्याला सरळच सांगितलं, अरे, अर्ज खरा निघाला तरी काय सिद्ध होतं? अमेरिकेत नुसत्या इराद्यावर अर्ज करता येतो, नाव मंजूर झाल्यावरही मुदती वाढवत तीन वर्षं काढता येतात, आणि शेवटी सोडूनही देता येतं. कोणीतरी फॉर्म भरला, इतकंच कळतं. तो बराच वेळ गप्प बसला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, ‘इराद्यावर म्हणतोस. पण क्लास कोणता धरून?’

हाच माणूस स्वतःच्या फ्लॅटचा करारनामा न वाचता प्रत्येक पानावर सही करून आला. कार पार्किंग कागदावर आहे, जमिनीवर नाही. व्हॉल्व्हच्या बेलव्ह्यूच्या पत्त्यातला पिनकोड त्याला पाठ आहे. स्वतःचा सर्व्हे नंबर बायकोला विचारतो.

आता नाइलाजानं थोडं चांगलंही लिहायला हवं. शेजारच्या पोराला परदेशी कंपनीचं नेमणूकपत्र आलं, पेढे वाटून झाले, ‘व्हिसासाठी’ अनामत रक्कम भरायला बाप बँकेत निघाला होता. अर्जनविसानं जिन्यात उभ्या उभ्या पत्र बघितलं. मेलचा पत्ता, सहीची कड, लोगोभोवतीचा किंचित वेगळा पांढरा रंग. ‘काका, पैसे भरू नका,’ म्हणाला, आणि पेढा खाऊन वर गेला. क्लासबद्दल एक अक्षर नाही. मला त्या दिवशी तो जरा परका वाटला.

शिवाय ते पावणेबाराचे मेसेज. एके काळी कर्वे रोडवरच्या सायबर कॅफेत आम्ही तासाच्या हिशेबानं काउंटर-स्ट्राइक खेळायचो. तो गेम मुळात ‘हाफ-लाइफ’वरच हौशी पोरांनी बेतलेला. त्या टोळीतला एक आज टोरांटोला, एक सांगलीला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वाढदिवसाला कोणी अंगठासुद्धा उमटवत नाही. पण अर्जनविसाचा स्क्रीनशॉट पडला, की टोरांटोत दुपार असते तिथून, सांगलीत झोपमोड होते तिथून, न बोलणारे दोघंही एकमेकांच्या उत्तराखाली, सगळे तुटून पडतात. दीड वाजेपर्यंत भांडतात. फाँट चुकलाय, तारीख रविवारची आहे, वकिलाचं नाव जुनं आहे.

मार्क लेडलॉ हे ‘हाफ-लाइफ’ मालिकेचे लेखक. कंपनी सोडल्यावर २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुढचं कथानक एका पत्राच्या रूपात प्रसिद्ध केलं. नावं फिरवली, पुरुषांच्या बायका आणि बायकांचे पुरुष केले, पण ओळखू न येण्यासारखं काही नव्हतं. मी अर्जनविसाला विचारलं, वाचलंस का. नाही म्हणाला.

‘का रे?’

‘ते खरं आहे. त्यात बघायचं काय?’

२०२० मध्ये ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ आला, तोही त्यानं घेतला नाही, डोक्याला लावायचं यंत्र महाग पडतं म्हणाला. मग मीच नेट लावून विचारलं, समजा उद्या तिसरा भाग खरोखर जाहीर झाला, तर तो तरी घेशील ना?

‘कोणी जाहीर केला त्यावर आहे.’

‘खुद्द व्हॉल्व्हनं.’

‘हॅ,’ अर्जनवीस म्हणाला, ‘ते काय, कोणीही म्हणेल.’