ढब्बूचं गळू आणि बाबांचं पेनिसिलिन

वोल्फ्सबुर्ग, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,


त्या दिवशी मध्यरात्री फोन करून तुमची झोपमोड केली, त्याबद्दलचं हे माफीपत्र. इथे अकराच वाजले होते, पिंपरीत अडीच वाजलेत हे लक्षातच आलं नाही. अर्थात झोपमोड तरी कसली! पहिल्याच रिंगला तुम्ही “हां, बोल” म्हणालात. कंपनीची तिसरी पाळी अजून अंगातून गेलेली दिसत नाही. मागून आई “कोण गेलं?” असं विचारत होती. आई, कोणी गेलेलं नाही. ढब्बूसुद्धा नाही. सगळं पत्रातच लिहिते, कारण फोनवर बाबा ऐकत नाहीत, फक्त सांगतात.

ढब्बू म्हणजे आमचा गिनीपिग, व्हिडिओ कॉलवर आई ज्याला घूस म्हणते तो. (धाकटीला घूस म्हणजे काय ते आता कळतं. जरा जपून.) ढब्बू मिरचीवर जीव, म्हणून त्याचं नाव ढब्बू. त्याचा जोडीदार पावटा. मिरची हे त्याचे लाड नव्हेत हं. या प्राण्याला आपल्यासारखंच अंगात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातूनच द्यावं लागतं. तर त्या मिरचीच्या एका फोडीवरून दोघांची भाऊबंदकी झाली आणि पावट्याने ढब्बूच्या पाठीला चावा घेतला. रक्ताचा थेंब नाही, केसांत काही दिसलंही नाही. चौथ्या दिवशी हाताला सुपारीएवढी गाठ लागली.

तुमचे जावई चाकणला टूलरूममध्ये होते, इथेही तेच करतात. त्यांनी व्हर्निअर आणून गळू मोजलं. अठरा पूर्णांक चार मिलिमीटर. ते वहीत लिहून घेतलं आणि मग पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. म्हणून तुम्हाला फोन.

तुम्ही म्हणालात, “पेनिसिलिन दे. एवढंसं जनावर, एका दिवसात उड्या मारेल.” येताना तुम्ही मेतकुटाच्या पुडीशेजारी खुपसलेली अमॉक्सिसिलिनची पट्टी घरात होतीच. ह्यांनी खलबत्त्यात अर्धी गोळी कुटली. मी मात्र भीत भीत रात्रपाळीच्या जनावरांच्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला. आमच्याकडे घरचं औषध आहे, पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, असं मी थोड्या तोऱ्यातच सांगितलं. बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “ते आधी फेकून द्या आणि हात धुवा.”

बाबा, आता बसून वाचा. पेनिसिलिन गिनीपिगला विष आहे. त्याचं पोट म्हणजे तुमच्या खात्यातल्या फर्मेंटरसारखं असतं. आत असंख्य जंतू रात्रंदिवस गवत आंबवतात, त्यावर हा जगतो. पेनिसिलिन पोटात गेलं की हे कामाचे जंतू मरतात आणि त्यांच्या जागी नको ते माजतात. त्यांच्या विषाने जनावर काही दिवसांत दगावतं. हे १९४३ पासून माहीत असलेलं शास्त्र आहे, म्हणजे तुमची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) पिंपरीत उभी राहायच्या अकरा वर्षं आधीपासूनचं! एवढी वर्षं तुम्ही पेनिसिलिन केलंत आणि हे एकदाही कानावर आलं नाही? असो. तुमच्याकडे गिनीपिग भरती होत नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळत बसले तर आणखी एक सापडलं. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डला फ्लोरी साहेबांनी पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा घेतली ती आठ उंदरांवर. आठांनाही जीवघेणे जंतू टोचले. चौघांना औषध दिलं, ते जगले. बाकीचे चौघे गेले. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग हाताशी असते तर औषध दिलेलेही मेले असते, आणि साहेबांनी कदाचित सगळं मोरीत ओतलं असतं. मग एचए नाही, कॉलनीतलं क्वार्टर नाही, आईचं स्थळ नाही, मी नाही. आपलं अख्खं घर आठ उंदरांच्या उपकारावर उभं आहे. आई, पुढच्या वेळी पिंजरा लावताना एवढं आठव.

सकाळी बाईंनी गळू फोडलं. या प्राण्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट असतो. कसा म्हणाल, तर फडक्यातून सोडलेला चक्का. यंदा दसऱ्याला आमच्याकडे श्रीखंड होणार नाही. बाईंनी जखम शिवली नाही, मुद्दाम उघडी ठेवली. वरून बुजली आणि आत पू राहिला की गळू पुन्हा भरतं. म्हणूनच आई, तू सांगितलेली हळद भरली नाही. तिचा थर बसून तोंड बंद झालं असतं. रागावू नकोस, ती वरणात घातली.

घरचं काम असं. सकाळ-संध्याकाळ कोमट सलाइनने खपली मऊ करायची, बिनसुईच्या सिरिंजने जखम आतून धुवायची, गिनीपिगला चालणारं दुसरं अँटिबायोटिक तोंडातून द्यायचं. खाली भुसा नाही, टॉवेल. काड्या जखमेत जातात. पावटा जाळीपलीकडे. दिसावा, वास यावा, चावता येऊ नये. आपल्याकडे भावकीत एवढी चांगली सोय कोणी केली नाही.

धुताना ढब्बूला बाबांच्या पंच्यात गुंडाळते. फक्त पाठ आणि नाक बाहेर. पहिलं पाणी लागलं की तो कुकरच्या शिट्टीसारखा ओरडतो, मग माझ्या अंगठ्यावर हनुवटी टेकून गप्प पडतो. छातीतली धडधड पंच्यातून हाताला लागते.

तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. गळवापेक्षा हे वाईट, कारण याचं पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात. गवताच्या भुकटीची पेज करून दर दोन-तीन तासांनी गालातून भरवली, रात्रीसुद्धा. घरात तिसरी पाळी लागली, बाबा. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजींनी जवळजवळ दोन महिने लढवला, आम्ही दोन रात्रींत टेकीला आलो. बेसन मोजायच्या काट्यावर त्याचं वजन रोज करतो. ९४० ग्रॅमचा ८६५ वर आला होता. पाचव्या दिवशी पहाटे त्याने मिरचीची फोड हिसकावली आणि माझं बोट चावलं. ह्यांनी वहीत लिहिलं, “भूक : समाधानकारक.”

आज अकरावा दिवस. जखम तांदळाच्या दाण्याएवढी उरली आहे, वजन ९२०. बोट माझं अजून ठणकतंय. मला पेनिसिलिन चालतं, पण लागलं नाही.

मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
सोनी

ता. क. – पुढच्या बॅगेत मेतकूट दोन पुड्या जास्त पाठवा, गोळ्यांची पट्टी नको. आणि बाबांसाठी नवा पंचा घ्या. जुना परत येणार नाही.