ज्याच्या हाती माउस

श्टुटगार्ट,
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६
(महाशिवरात्र)

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आधी एवढं वाचा आणि मगच आईने देवापुढचा नारळ उचलावा : आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. शुक्रवारी बोलता बोलता तुमचा फोन तुटला, तो आमच्यावर काही बेतलं म्हणून नव्हे. संगणक बंद पडला. माझा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला, म्हणून पुढचे फोनही उचलले गेले नाहीत. तेवढ्यात आईने सुमाआत्याला सांगितलं, आत्याने पुण्याला पमीला, आणि पमीने मला रडवेल्या आवाजात विचारलं, "अगं, शिरीषभाऊजींना कुठल्या हॉस्पिटलात ठेवलंय?" शिरीषभाऊजी त्या क्षणी हातात केरसुणी घेऊन जिना झाडत होते. आईच्या 'ते मध्येच काहीतरी कण्हले' या पुराव्याचा खुलासाही तोच. जिना झाडताना ते कण्हतातच.

पत्र हाताने लिहितेय, कारण संगणकावर तपासणी लावलीय आणि 'हात लावू नये' अशी चिठ्ठी शिरीषने पडद्यावर चिकटवलीय. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं लिहिलं की बाबा 'पुढे वाचा' दाबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. शिरीषच्या ऑफिसातले देशपांडे मंगळवारी मिरजेला निघालेत. दादाने त्यांच्याकडून पत्र आणि ओजसच्या लहान झालेल्या स्वेटरांची पिशवी आणावी. स्वेटर पमीच्या धाकट्याला. आत्याच्या नातवाला नको, तो मागच्या वेळी 'जुने आहेत' म्हणाला होता, माझ्या लक्षात आहे.

तर जिना. आमच्याकडे या आठवड्यात केरवोखे आहे. श्टुटगार्टच्या या भागातली ही जुनी शिस्त. पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी लटकते, आणि ती लटकली की जिना, तळघराची वाट, फाटकापासून रस्त्यापर्यंतचा तुकडा सगळं तुम्ही झाडायचं आणि पुसायचं. नगरपालिकेने आपली सक्ती १९८८ मध्येच मागे घेतली, पण घरमालकांनी ती भाडेकरारात जपून ठेवलीय. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघतात. आई, तुला त्या फार आवडतील. पण याच आजी रविवारी व्हॅक्यूम क्लीनर लावू देत नाहीत. रविवार शांततेचा. भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आणि स्क्रू-ड्रायव्हर विकत घ्यायचा म्हटलं तर दुकानंही बंद. आता शिरीषला संगणक उघडायला वेळ मिळणार रविवारी. अशाच एका रविवारी त्याने झाकण काढलं, व्हॅक्यूमची नळी आत घातली, पंखा फिरू नये म्हणून बोटाने दाबून धरला, बटण दाबलं आणि आमची बेल वाजली. पुढचा केर त्याने तोंडाने फुंकून काढला.

आई, परदेशात धूळ नसते असं तू म्हणतेस ना? संगणक देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर गालिच्याची लव आणि निरांजनाची काजळी यांचा काळा, चिकट थर बसला होता. नखाने खरवडला तर सोलून निघाला, आणि त्याला कापराचा वास होता. शिरीष त्या दिवसापासून 'देव हलवा' म्हणतोय. मी म्हटलं, संगणक हलव.

थांबा, साबुदाणा परतून येते.

आले. साबुदाणा इथल्या तमिळ दुकानातला, भिजतो बरा. कूट मात्र तुझ्याचसारखं जाडसर केलंय.

हे दुखणं दिवाळीनंतर सुरू झालं. कधी यंत्र दिवसभर नीट चालायचं, कधी तासाभरात दोनदा मान टाकायचं. पूर्वी बंद पडताना रडक्या तोंडाचा निळा पडदा यायचा. आता विंडोजवाल्यांनी पडदा काळा केलाय आणि तोंडही काढून टाकलंय. खाली नुसतं कारण छापतात, तेही रोज वेगळं : एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. कधी पडदाच नाही, चित्र आहे तिथे थिजायचं. शिरीषने आतली नोंदवही उघडली. तिथे लाल खुणेने लिहिलेलं : 'कर्नल-पॉवर ४१'. म्हणजे काय, तर यंत्र रीतसर बंद न होता परत सुरू झालं. यासाठी इंजिनिअर कशाला हवा, मी ओट्यापाशी उभी राहून सांगितलं असतं.

पण यंत्रापेक्षा चौकशीचा ताप जास्त. बंद पडताना ज्याच्या हाती माउस, तो पारधी, असा घरात कायदाच झाला. ओजस खेळताना पडला तर 'खेळ काढून टाक'. मी तुमच्याशी बोलताना पडला तर 'तासतासभर गप्पा, तापणार नाही तर काय'. शिरीष बसलेला असताना पडला की मात्र 'ड्रायव्हरचा प्रॉब्लेम'. ड्रायव्हर काढून नवे घातले. विंडोजकडून त्याच्याच फायली तपासून घेतल्या. ऑफिसातल्या कुणाचा तरी पॉवर सप्लाय उसना आणून लावला. बाबांनी फोनवरून 'यूपीएस घ्या' सांगितलं, पण इथे वीज जातच नाही, बाबा. आईने मीठ-मोहऱ्या सुचवल्या. त्या मी ओवाळल्या, शिरीष घरी नसताना. मग एका संध्याकाळी आम्ही तिघंही स्वयंपाकघरात असताना खोलीतला पंख्याचा आवाज थांबला. संगणक एकटाच असताना, आपणहून पडला होता. ओजस 'मी नाही, मी नाही' करत घरभर नाचला, आणि त्याच्यावरचे सगळे जुने खटले काढून घ्यावे लागले.

दुकानात न्यायचं म्हटलं तर नुसतं उघडून बघायचे नव्वद युरो. दुरुस्तीचे नव्हेत, बघायचे. हे ऐकून शिरीषला एकदम सांगली आठवली आणि त्याने पप्पूला फोन लावला. आत्याचा मुलगा म्हणून सांगत नाही, पण पप्पूच्या हाताला गुण आहे. त्याने दोनच प्रश्न विचारले. "भाऊजी, एरर रोज वेगळी येते का?" येते. "कोण काय करतंय याचा संबंध नाही ना?" नाही. "मग रॅम बघा. काढा, खोडरबराने पाय घासा, परत बसवा." आमच्याकडचं खोडरबर त्याला पसंत पडलं नाही, म्हणून बाबांच्या पार्सलात त्याने आपलं घातलं. बाबा, कस्टमच्या कागदावर तुम्ही भडंग, बेदाणा, भाजणी, मेतकूट यांच्याखाली 'इरेझर, यूज्ड, वन' असं इंग्रजीत लिहून किंमत 'शून्य' टाकलीत. पंचेचाळीस युरोंपर्यंतच्या घरगुती भेटीला इथे जकात नाही, त्यामुळे पार्सल सुटलं. पण खोका उघडून परत चिकटवलेला होता, आणि कुणीतरी ते खोडरबर नीट निरखून पाहिलं असणार. तूप पाठवलं नाहीत हे फार बरं केलंत, दुधाचं काही इकडे येऊ देत नाहीत.

तर रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवरून शिरीषने खोडरबर इतक्या हळुवार फिरवलं की मी बघतच राहिले, कुकरचं झाकण असं कधी घासलं नाही त्याने. वायर काढून, आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून, सगळं शास्त्रोक्त. त्यानंतर बरेच दिवस यंत्र सुरळीत चाललं. घरात पप्पूचा जयजयकार. आणि शुक्रवारी आई उठली आणि सगळं थिजलं.

ते सांगायचंच होतं. आई, तू 'थांब गं, दारात कोण आलंय बघते' म्हणून उठलीस आणि तशीच राहिलीस. अर्धी वळलेली, एक हात खुर्चीच्या पाठीवर, पदर कमरेला. मागे कालनिर्णयचा जानेवारीच अजून भिंतीवर होता. बाजूला बाबांचा निम्मा चष्मा. शिरीष जिन्यातून ओरडला, "पॉवरचं बटण दाबून धर." मी म्हटलं दाबते, आणि नाही दाबलं. मोबाइलवर तू एवढीशी दिसतेस. या मोठ्या पडद्यावर तुझ्या हातातल्या बांगड्या मोजता येतात, आणि डाव्या हातात एक कमी आहे. कुठे गेली? वाढवली का? कधी? मला का नाही कळवलंत? मी तिथेच बसून राहिले. वर येऊन शिरीषने बघितलं, तोही काही बोलला नाही, खुर्ची ओढून बसला. मग त्यानेच बटण दाबलं.

दारात कोण आलं होतं, ते मात्र कळवा.

शनिवारी शिरीषने पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. विंडोज सुरूच होऊ न देता हा प्रोग्राम रॅमच्या घराघरांत काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचून बघतो. रात्रभर चालतो. पहाटे पडद्यावर लाल ओळींची रांग लागलेली : लिहिलं एक, वाचलं भलतंच, आणि खराबी नेमक्या थोड्या पत्त्यांवर. मग खटला सुटला. त्या मोजक्या घरांत दर वेळी वेगळंच बिऱ्हाड येऊन उतरतं. कधी ओजसचा खेळ, कधी तुमचा फोन, कधी विंडोजचं स्वतःचं काही. ज्याचं नशीब फुटकं तो पडतो. गुन्हेगार पहिल्यापासून एकच होता आणि आम्ही तीन महिने घरमालकाला सोडून भाडेकरूंना झोडपत होतो. सध्या एकेक पट्टी सुटी लावून बघणं चाललंय. पट्टी खराब की खाचा, हेही कळायला हवं, म्हणून खाचा बदलूनही.

आता किमतीचं ऐका, आणि आईने खाली बसून ऐकावं. सोळा-सोळा जीबीची ही जोडी गेल्या उन्हाळ्यात शंभर युरोच्या आतबाहेर मिळत होती. आज तीच साडेतीनशेच्या पुढे. रुपयांत पस्तीस हजारांवर. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या! कारण विचाराल, तर एआय. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या करतात, आणि त्या तिघींनाही एआयच्या सर्व्हरवाल्यांकडून जास्त पैसे मिळतात, मग घरगुती गिऱ्हाइकाला कोण विचारतो? त्यांतल्या मायक्रॉनने तर डिसेंबरात जाहीरच केलं की 'क्रुशल' नावाचा आपला किरकोळ धंदा बंद. म्हणजे दादा चॅटजीपीटीकडून रोज सकाळी सुविचार लिहून घेऊन ग्रुपवर टाकतो, त्याची किंमत इथे मी मोजायची. त्याला सांगा, थोडे दिवस जुनेच सुविचार पाठव.

पण हमी आहे! पावती मी फाइलला लावून ठेवली होती, आणि शिरीषच्या चेहऱ्यावर जो आदर दिसला तो लग्नानंतर प्रथमच. हमीपत्र मोठ्या अक्षरांत म्हणतं 'आजीवन'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत : जर्मनीत दहा वर्षं. इतरत्र रॅमला आयुष्य असतं, इथे मुदत असते. दहा तर दहा, आमची दोनच झालीत. पण पट्टी एक बिघडली तरी पाठवायच्या दोन्ही. सत्यनारायणाला बसल्यासारखं, जोडीनेच. बदली येईपर्यंत संगणक बिनरॅमचा पडून राहणार. रेडिओ-टीव्हीचे महिन्याचे अठरा युरो छत्तीस सेंट मात्र चालूच राहणार. घरात टीव्ही नसला तरी ते दर घरामागे द्यावे लागतात, हे मागच्या पत्रात रडून झालंय.

बाकी तुमच्या बातम्यांना उत्तरं. पमीच्या दिराच्या लग्नात जिलेबी की बासुंदी, या वादात मी बासुंदीकडून आहे, आणि माझं मत कुणी विचारलेलं नाही हे मला माहीत आहे. बापूकाकांना सांगा, मोतीबिंदू काढल्यावर पेपरची अक्षरं लहान झालेली नाहीत, जुना चष्मा टाकून द्या. वहिनीच्या भिशीचा पहिला नंबर तिचाच कसा लागला, हे मी इतक्या लांबून विचारणार नाही. बाबा, तुमचा विंडोज १० बंद होणार नाही, चालेल. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा आधार संपलाय, म्हणून त्यावरून बँकेचं काही करू नका. पप्पू काय ते बघेल. संगणकावरचं प्लास्टिकचं कव्हरही काढा, चालू असतानासुद्धा घालून ठेवता तुम्ही.

आणि आत्या. आपण तळमजल्यावर राहतो म्हणून लिफ्टची वर्गणी देणार नाही, हे तिचं म्हणणं मला पटलं. पण पप्पूने आम्हाला सल्ला दिला त्या बदल्यात ती वर्गणी आम्ही भरावी, हे पटलेलं नाही. खोडरबर परत पाठवतेय, स्वेटरांच्या पिशवीत आहे.

ओजसचा नमस्कार. शिरीष खिचडीची वाट बघतोय, त्याचाही.

तुमची,
मनू

ता. क. रात्र झालीय. पहिली पट्टी दोन्ही खाचांत लाल, दुसरी दोन्हीकडे स्वच्छ. उद्या दोन्ही पोस्टात. पुढचे आठवडे मोबाइलवरच बोलू. बाबांनी फोन जरा खाली धरावा, मागच्या वेळी अर्धा तास मी तुमच्या पंख्याशी बोलले. आणि बांगडीचं कळवा.