अठ्ठावन्न किलोंचा जाहीरनामा

आपल्याकडे उद्दिष्ट गाठण्यासाठी नसतं, जाहीर करण्यासाठी असतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली निघालं. तेव्हापासून तो ‘येत्या गणपतीआधी’ पूर्ण होतो आहे. चाकरमानी ऐकतो, मान डोलावतो आणि खड्डे चुकवत गावी पोचून आरतीला उभा राहतो. सरकारला हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. वजन घटवण्याचे घरोघरचे संकल्प काढून बघा. मुहूर्त ठरलेला : दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. निधी मंजूर : जिमची वर्षभराची फी, परत न मिळण्याच्या बोलीवर. आणि उद्दिष्ट एवढं भव्य, की नुसतं ऐकूनच भूक लागावी.

आमच्या साडूंचंच घ्या. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, लक्ष्य ५८. हाच आकडा का, असं विचारलं की ते दिवाणखान्यातल्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवतात. मुंडावळ्या बांधलेला, गालफडं बसलेला, उसन्या सुटात हरवलेला एक तरुण तिथे उभा आहे. त्या काळी साडू खानावळीत जेवत होते, दोन लोकल बदलून कामाला जात होते आणि नुकतेच काविळीतून उठले होते. सासूबाईंनी तेव्हाच ‘पोरगा लग्नानंतर भरेल’ असं भाकीत केलं होतं, आणि साडूंनी ते अपेक्षेपेक्षा जास्त खरं करून दाखवलं. तरी आज ते त्या ५८ ला ‘माझं मूळचं वजन’ म्हणतात. मग जन्माच्या वेळचे अडीच किलो कुणाचे होते, असं आम्ही विचारलं नाही.

लग्नातल्या वजनाखालोखाल मागणी असते कपाटातल्या वजनाला. वरच्या खणात एक जीन्स ‘कधीतरी होईल’ या आशेवर घडी घालून ठेवलेली असते. पैठणीवरचं ब्लाउज असतं. शिंप्याने शिवणीत ठेवलेली माया केव्हाच संपलेली, पण मालकिणीची सुटत नाही. तिसरं म्हणजे दुसऱ्याचं वजन. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या बाकावरचा कुणीतरी अजून ६५ किलोंचा निघतो आणि घरी परतताना आपलंही लक्ष्य ६५ होतं. त्याची उंची आपल्यापेक्षा चार बोटं कमी, हा तपशील गौण.

फोटोवर विसंबणं ज्यांना अशास्त्रीय वाटतं, ते तक्त्याकडे वळतात. तक्ते भरपूर आहेत; परवडेल तो घ्यावा. उंचीच्या सेंटिमीटरांतून शंभर वजा करा, हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावाने चालणारं सूत्र. त्याप्रमाणे साडू ६५ किलोंचे हवेत. बीएमआयची, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याची, २५ ही आंतरराष्ट्रीय मर्यादा धरली तर ६८ पर्यंत माफ. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी ती २३ वर आणली. त्या हिशेबाने साडेबासष्ट. एकाच माणसाची तीन मान्यताप्राप्त वजनं, आणि साडूंचं ५८ हे चौथं, अपक्ष.

बीएमआयचं मूळ सूत्र १८३०च्या दशकातलं, बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचं. गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. कुणाला बारीक करण्याचा त्यांचा काडीचाही विचार नव्हता. अँसल कीज या अमेरिकी संशोधकाने १९७२ साली त्या सूत्राला आजचं नाव दिलं. त्याआधी अमेरिकेत ‘आदर्श वजना’चे तक्ते घरोघर नेले ते मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने, १९४०च्या दशकात. कुठल्या वजनाचा माणूस जास्त वर्षं हप्ते भरतो, हा विमा कंपनीच्या जिव्हाळ्याचा विषय. तर ग्रहताऱ्यांचं गणित करणाऱ्याने आपल्या ढेरीची पत्रिका मांडली, विमेवाल्यांनी मंगळ काढला, आणि आपण अजून गुण जुळवतो आहोत.

ही पत्रिका फसते कशी, ते एका पुणेकराने दाखवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुणेकराच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, या गोष्टीची अशा रीतीने वैद्यकीय वाङ्मयातही नोंद झाली. म्हणून डॉक्टर सांगतात, कंबर मोजा. मर्यादा भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. पण टेपला आपल्याकडे मान नाही. पोट आत ओढून उभं राहावं तर बायको ‘आता श्वास सोडा’ म्हणते, आणि मग जे बाहेर येतं त्याला टेप पुरत नाही.

काट्याची पूजा मात्र रोज होते. साडूंकडे ती सकाळी सहाला, प्रातर्विधीनंतर आणि चहाआधी. मोबाइल, घड्याळ, पट्टा, बनियन असं एकेक उतरत जातं. न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळची एक फरशी दोनशे ग्रॅमची सूट देते असा त्यांचा अनुभव आहे, म्हणून काटा तिथेच मांडायचा. परवा त्यांनी चष्माही उतरवला. मग आकडा दिसेना. मेहुणीबाईंना हाक मारली, तर स्वयंपाकघरातूनच उत्तर आलं, “चौऱ्याऐंशी!”

“न बघता?”

“कालची बासुंदी मीच केली होती.”

उद्दिष्ट जाहीर झालं की ठेकेदार येतात. ‘तीन महिन्यांत १५ किलो’ असं निविदेत लिहिलेलं असतं आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो खरोखर उतरतातही. ते बहुतांशी पाणी. खाणं एकदम तोडलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन संपतं आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी त्याच्याबरोबर जातं. पुढच्या महिन्यात काटा अडतो, तोवर फीवरही पाणी सोडून झालेलं असतं.

मग घरात पंथ पडतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच जेवतात, ऋजुता दिवेकरांचे दर दोन तासांनी थोडं थोडं खातात. साडू सर्वपंथसमभाव मानतात : दोन भरपेट जेवणं दीक्षितांची, मधलं सगळं दिवेकरांचं. एकादशीला दुप्पट खाशी हा ठराव तर आधीच मंजूर आहे. २०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून तिसरा पंथ निघाला आहे. उपवासाला इंजेक्शन चालतं का, एवढीच साडूंची शंका बाकी आहे.

अखेर मेहुणीबाईंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “सहा महिन्यांत चार किलो कमी करा. आठ झाले तर उत्तमच.” साडूंना वाटलं, महिन्याला म्हणताहेत. तसं नाही, एकूणच, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. “चार किलो? तेवढं तर माझ्या ऑफिसच्या बॅगेत असतं!”

हे चार किलो मात्र कामाचे आहेत. आहे त्या वजनाचे पाच ते दहा टक्के उतरले तरी साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड खाली येऊ लागतात. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना एका मोठ्या चाचणीत उद्दिष्टच सात टक्क्यांचं दिलं होतं, जोडीला आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम. २००२ साली निष्कर्ष छापून आला : मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ सालच्या भारतीय चाचणीत तर वजन फारसं हललंच नाही. तरी आहार सांभाळून आणि चालून तेच प्रमाण २८.५ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे काटा गप्प बसला होता तेव्हाही आत काम चालू होतं.

पण ‘सात टक्के’ असं पत्रकावर छापून गर्दी जमत नाही. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. ६० लठ्ठ स्त्रियांना उपचाराआधी विचारलं, किती उतरवायचं? सरासरी उत्तर आलं : आहे त्या वजनाच्या ३२ टक्के. आणि किती उतरलं तर निराशा होईल? १७ किलो. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले. आपल्याकडे एवढ्यावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला असता. पण त्यांच्यातल्या ४७ टक्के जणी स्वतःच ठरवलेल्या ‘निराशे’पर्यंतही पोचल्या नव्हत्या. उपचार फळाला आले आणि पेशंट हिरमुसले. साडूंच्या ८४ वरून ५८ चा हिशेब ३१ टक्क्यांचा होतो. स्वप्न बघण्यात तरी आम्ही अमेरिकेच्या बरोबरीला आलो.

शरीराला यातलं काहीच कळवलेलं नसतं. अन्न एकाएकी तुटलं की त्याला वाटतं, बाहत्तरचा दुष्काळ परत आला. ते भूक वाढवतं, खर्च आवरतं आणि पुढच्या लग्नसराईत सगळं व्याजासह वसूल करतं. ग्रॅमचा हिशेब ठेवावा तो कुस्तीगिरांनी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाटचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि पदक गेलं. साडूंची अंतिम फेरी कुठल्याच सकाळी नसते. तरी शंभर ग्रॅम वाढले की त्या दिवशी घरात कुणाशी बोलत नाहीत.

तेव्हा वाचकहो, आपापले जाहीरनामे मागे घ्या. वजन खरोखरच जास्त असेल तर आजच्या आकड्यातून पाच टक्के वजा करा आणि त्याला सहा महिने द्या. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तिथे पोचलात की पुढची घोषणा न करता तिथेच थोडा मुक्काम करा. गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ आणि मे महिन्यातला आमरस खाऊनही जे टिकतं, ते वजन तुमचं. त्याच्या खालचं परवडत नसेल तर तो नाद सोडा. आणि ८४ चे ८० झाले तर सत्काराची वाट बघू नका. लोक एवढंच विचारतील, “फार उतरलात हो, शुगर निघाली का?” खुशाल विचारू द्या. निघाली नाही, हीच तर कमाई.