बीएमएक्सचं ऑलिम्पिक पदक: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सायकल येते ना? मग निम्मं काम झालं. बीएमएक्स रेसिंग, म्हणजे उंचवट्यांच्या ट्रॅकवरची सायकल शर्यत, २००८पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. ट्रॅक जेमतेम चारशे मीटरचा, शर्यत चाळीस सेकंदांच्या आत आटोपते. एवढ्यासाठी उमेदीची पंधरा-वीस वर्षं खर्ची घालायची, बस्स.

१. सायकल घ्या. चाकं वीस इंची, त्यामुळे भाच्याची उचलून आणल्यासारखी दिसेल. गिअर एकच. ब्रेकही एकच, मागचा. स्टँड, घंटी, कॅरियरची चौकशी करू नका. सीट असते, पण शर्यतीत तिच्यावर बसायचं नसतं. मग ती असते कशाला, असं विचारणाऱ्यांनी कॅरम खेळावा.

२. वर चढा. ऑलिम्पिकमधला सुरुवातीचा उतार आठ मीटर उंच असतो. तिथे आठ जण खांद्याला खांदा लावून उभे. पुढचं चाक गेटला टेकवा, दोन्ही पाय पायडलवर घ्या आणि पुतळ्यासारखे स्थिर राहा. ध्वनिमुद्रित आवाज गेटकडे लक्ष द्यायला सांगेल आणि गप्प होईल. किती वेळ? ते मुद्दामच ठरलेलं नसतं; कधी क्षणभर, कधी दोन सेकंदांहून जास्त. घाई केलीत तर बंद गेटवर आदळाल, रेंगाळलात तर पुढच्यांच्या पाठी मोजत बसाल. पहिल्या वळणाआधीच शर्यत बहुतेक ठरलेली असते. पुढचे उंचवटे आणि उड्या प्रेक्षकांनी तिकीट काढलंय म्हणून.

३. पडायला शिका. तुम्ही पडला नाहीत तरी शेजारचा पडेल, आणि तो एकटा पडत नसतो. सरावात तरी सुरक्षित असाल, हा भ्रम नको. टोकियो ऑलिम्पिकच्या सरावावेळी एक अधिकारी ट्रॅक ओलांडत होता. नेदरलँड्सचा सायकलपटू नीक किमन त्याच्यावर धडकला. गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. किमनने त्याच गुडघ्याने सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा गुडघा दुखतो ही सबब आता चालणार नाही.

अमेरिकेचा कॉनर फील्ड्स तर २०१६चा विजेता. टोकियोच्या उपांत्य फेरीतल्या तिसऱ्या धावेत तो आपटला, मेंदूत रक्तस्राव झाला, स्ट्रेचरवरून न्यावा लागला. आधीच्या धावांच्या गुणांवर तो अंतिम फेरीसाठी पात्र ठरला! नियमांचा काटेकोरपणा पाहा: माणूस इस्पितळात, नाव यादीत. (पुढे तो सावरला, म्हणून हे हसत सांगता येतं.)

४. पैशाची सोय स्वतः बघा. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकनंतर ब्रिटनने बीएमएक्स रेसिंगचा निधी फक्त पुरुषांसाठी ठेवला. बेथनी श्रीव्हरने शाळेत शिक्षिकेची मदतनीस म्हणून काम केलं, लोकवर्गणी काढली आणि टोकियोत सुवर्णपदक आणलं. त्यानंतर देशाला तिचा अभिमान वाटू लागला. तुम्हीही हाच क्रम पाळा: आधी पदक, मग मदत. उलटा आग्रह धरू नका, क्रीडा खात्यांना तो उद्धटपणा वाटतो.

५. जमल्यास फ्रान्समध्ये जन्म घ्या. २०२४ला पॅरिसमध्ये पुरुषांची तिन्ही पदकं यजमानांनीच वाटून घेतली. हे आता शक्य नसेल तर खट्टू होऊ नका. तिथला सुवर्णविजेता जोरिस दोदे तेव्हा ३३ वर्षांचा होता. वय ही अडचण नाही. तेवढा विम्याचा हप्ता वेळेवर भरा.