पुरावा काय?

आमच्या भाऊजींबरोबर सिनेमाला जाऊ नये. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात शनिवार-रविवारचा पुरातत्त्वाचा वर्ग केला. ताई म्हणते, "ह्यांच्या हातात लॉकरच्या किल्ल्या होत्या तेच बरं होतं."

2016 साली 'मोहेंजो दारो' लागला. हृतिक रोशन मगरीशी झुंजत होता तोवर भाऊजी गप्प. पडद्यावर घोडा आला आणि ते उठूनच उभे राहिले. "मुद्रांवर बैल आहे, हत्ती आहे, गेंडा आहे, एकशिंगी आहे. घोडा दाखवा मला!" मागून आवाज आला, "काका, तेच दाखवतायत, खाली बसा."

इंडियाना जोन्सवर त्यांचा खास राग. 1981 च्या पहिल्या चित्रपटात तो सोन्याची मूर्ती उचलतो, जागी वाळूची पिशवी ठेवतो आणि पळत सुटतो. मागून भलामोठा धोंडा गडगडत येतो. आपण धोंड्याकडे बघतो. भाऊजी मूर्तीच्या रिकाम्या चौथऱ्याकडे. "फोटो नाही, मोजमाप नाही, नोंद नाही, नुसती उचलली! पडू दे धोंडा."

'थर' हा त्यांचा लाडका शब्द. वरचा नवा, खालचा जुना, आणि मधे कुणी खड्डा खणला की सगळा घोळ. वीजबिल हरवलं की ते रद्दीचा गठ्ठा एकेक पेपर उचलत खाली उतरतात. ताई मधलाच एक पेपर खसकन ओढते. "थर बिघडवलास!" हे वाक्य शेजाऱ्यांनाही पाठ आहे.

जेवताना मात्र हमखास इनामगाव. शिरूरजवळच्या या गावात 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. भाऊजी तिथे असल्यासारखेच सांगतात: पाच खोल्यांचं घर, अंगणात पुरलेला चार पायांचा रांजण, त्यात गुडघे मुडपून बसवलेला माणूस. मोठ्यांना पुरताना पावलं तोडत, लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. भाचीला बघायला आलेल्या मंडळींना त्यांनी हे श्रीखंड वाढता वाढता ऐकवलं. ताईने कपाळाला हात लावला. तरी लग्न जमलं. मुलाच्या वडिलांनी जाताना वर्गाचा पत्ता लिहून घेतला.

लेण्यांत कुणी म्हणालं, पांडवांनी एका रात्रीत कोरली, की भाऊजी विचारणार, "ते वनवासात होते की रोजगार हमीवर?" गडावर तर भुयार असतंच. खालच्या देवळात निघणारं, घोडेस्वार जाईल एवढं उंच.

"आत कुणी गेलंय?"

"गेलेला परत नाय आला."

"मग देवळात निघतं हे कळलं कसं?"

तर्क बिनतोड होता. पण त्या दिवशी आम्हाला ताक मिळालं नाही.

त्यांना उत्तर मिळालेलं मी एकदाच पाहिलं, भोरकडच्या एका गावात. एक आजी झाडाखालच्या दगडाला शेंदूर लावत होत्या. भाऊजी सरसावले. "आजी, हा म्हसोबा नाही, वीरगळ आहे. खाली बघा, लढाई. मधे त्याला अप्सरा स्वर्गात नेतायत. वर तो पिंडीची पूजा करतोय. आणि ह्या गाई दिसतात ना, त्या सोडवताना पडलाय तो."

आजींनी हात थांबवला. "गुरांपायी मेला व्हय? नाव काय त्याचं?"

"ते... कोरलेलं नाही."

"मग आमी म्हसोबा म्हन्लं तर काय बिगाडलं?"

शेंदराखाली कोरीव काम बुजतं यावर भाऊजींचं तयार भाषण आहे. ते त्यांनी गिळलं आणि वहीत लिहिलं, 'स्थानिक नाव: म्हसोबा'.

आजी खूश झाल्या. म्हणाल्या, "आमच्या मोरीतबी हाय की असाच एक." बघतो तर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली सतीशिळा, आणि तिच्यावर सुनेचं कपडे धुणं चाललेलं. भाऊजींचा चेहरा बघवेना. शिळा म्हसोबाशेजारी नेऊन ठेवायला सून तयार होती, फक्त बदल्यात धुण्याचा दगड हवा होता. भर उन्हात ओढ्यातून आम्ही दोघांनी एक सपाट दगड आणला. ताई गाडीत उपाशी. सुनेने दगडावर पाणी ओतून पाहिलं.

"ह्याला उतार न्हाई," ती म्हणाली, "दुसरा बघा."